विद्यापीठात आपल्या मुलांचा वाली कोण?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. माझे सारे आयुष्य विद्यापीठाच्या कचेरीत, फायलींच्या ढिगाऱ्यात गेले. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि २०१८ साली उपकुलसचिव म्हणून निवृत्त झालो. चिटणीससाहेबांनी जेव्हा विचारले की, "विषय कोणता घेता?", तेव्हा मी म्हणालो, "विद्यापीठात विद्यार्थ्यांची कामे पाहणारे जे वरिष्ठ अधिकारी असतात, त्यांच्या पदांची वर्गवारी." ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. कुणी शिक्षणाच्या महतीवर बोलतो, कुणी चारित्र्यावर बोलतो. हा गृहस्थ पदांची वर्गवारी काय सांगणार, असे त्यांना वाटले असणार. कदाचित आपल्यालाही तसेच वाटत असेल. म्हणून हा विषय मी का निवडला, ते आधी सांगतो.

गोष्ट माझीच आहे. माझे शिक्षण माझ्या मामूंकडे विजापूरला झाले. तिथून पी. यू. सी. पास होऊन १९७८ साली मी महाराष्ट्रात बी. ए.च्या वर्गात नाव घातले. परराज्यातून आलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र लागते. कॉलेजने तात्पुरता प्रवेश दिला आणि माझे कागद विद्यापीठाकडे पाठवले. महिन्याभराने ते परत आले. कारण काय, तर शाळेच्या दाखल्यावर 'शेख' हे आडनाव आधी होते आणि गुणपत्रिकेवर ते शेवटी होते. आपल्यापैकी कितीतरी घरांत हा प्रकार आजही होतो. एका कागदावर वडिलांचे नाव असते, दुसऱ्यावर नसते. एके ठिकाणी 'शेख' तर दुसऱ्या ठिकाणी 'शेक'. घरात त्याचे कुणाला काही वाटत नाही, पण कचेरीत त्याचे दोन निरनिराळे इसम होतात.

माझे अब्बा शिलाईचे काम करीत. दुकान बंद ठेवून, एस. टी.ने ते माझ्याबरोबर विद्यापीठात आले. खिडकीवरच्या कारकुनाने कागद पाहिले आणि सांगितले, "नावात फरक आहे, चालणार नाही." आम्ही परत आलो. पुन्हा गेलो. अशा पाच खेपा झाल्या. दर खेपेस तीच खिडकी, तोच कारकून आणि तेच उत्तर. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत टळली आणि माझे एक वर्ष वाया गेले. पुढच्या जून महिन्यात कॉलेजच्या एका शिक्षकांनी मला एका चिठ्ठीवर तीन शब्द लिहून दिले, 'उपकुलसचिव, पात्रता विभाग', आणि म्हणाले, "खिडकीवर थांबू नकोस, यांना भेट." मी भेटलो. त्या साहेबांनी विचारले, "दोन्ही नावे तुझीच, असे प्रतिज्ञापत्र आणले आहेस का?" मी दुसऱ्या दिवशी ते करून आणले. दहा मिनिटांत सही झाली.

घरी येऊन मी अब्बांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे वर्षभर आपण ज्याच्याकडे सही मागत होतो, त्याला सहीचा अधिकारच नव्हता."

बंधू-भगिनींनो, तो कारकून वाईट माणूस नव्हता. पुढे मीही तशाच खिडकीवर बसलो, म्हणून मला हे ठाऊक आहे. नावातल्या फरकाबाबत निर्णय घेण्याचा हक्क त्याच्या पदाला नव्हता. 'चालणार नाही' एवढेच म्हणणे त्याच्या हाती होते. चूक झाली ती अशी की, 'हे माझ्या अखत्यारीत नाही, वर भेटा,' असे त्याने सांगितले नाही आणि आम्हाला ते विचारता आले नाही. पदाची वर्गवारी म्हणजे केवळ पगाराचा आकडा नव्हे. कोण सही करू शकतो, कोण फक्त फाईल पुढे सरकवू शकतो आणि कोण नुसते ऐकून घेऊ शकतो, हे त्या वर्गवारीवरून कळते. ज्याला हे कळते त्याची एक खेप होते. ज्याला कळत नाही त्याच्या पाच होतात.

आता विद्यापीठाची रचना पाहू. विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडणारे जे अधिकारी असतात, ते सगळे एका शिडीवर उभे नसतात. माझ्या अनुभवाने मी त्यांच्या तीन शिड्या मानतो.

पहिली शिडी प्रशासनाची. सगळ्यात वर कुलसचिव, त्यांच्या खाली उपकुलसचिव, मग सहायक कुलसचिव, मग कक्ष अधिकारी, सहायक, वरिष्ठ लिपिक आणि कनिष्ठ लिपिक. केंद्रीय विद्यापीठांत या प्रत्येक पदाचा गट आणि वेतनस्तर ठरलेला आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे कनिष्ठ लिपिक स्तर २ वर म्हणजे १९,९०० रुपये मूळ वेतनावर लागतो. वरिष्ठ लिपिक स्तर ४ वर, सहायक स्तर ६ वर आणि कक्ष अधिकारी स्तर ७ वर असतो. सहायक कुलसचिवापासून गट 'अ' सुरू होतो. त्याचा स्तर १०, मूळ वेतन ५६,१०० रुपये. उपकुलसचिवाचा स्तर १२, मूळ वेतन ७८,८०० रुपये. कुलसचिवाचा स्तर १४, मूळ वेतन १,४४,२०० रुपये. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांत पदांची नावे बहुतेक हीच आहेत. वेतन आणि पदसंख्या मात्र राज्य शासनाच्या नियमांनी ठरते.

प्रवेश, पात्रता, स्थलांतर प्रमाणपत्र, शिष्यवृत्ती, पदवी प्रमाणपत्र, ही सारी कामे या शिडीवरून चालतात. ढोबळ नियम असा लक्षात ठेवा की, नियमात सरळ बसणारे काम खालच्या पायरीवर होते. नियमात थोडे अडणारे काम कक्ष अधिकारी किंवा सहायक कुलसचिव यांच्याकडे जाते. आणि जिथे नियमाचा अर्थ लावावा लागतो, तिथे उपकुलसचिवाच्या किंवा त्याहून वरच्या टेबलाशिवाय निकाल लागत नाही. परीक्षेचे काम याहून वेगळे आहे. त्याला स्वतंत्र अधिकारी असतो. महाराष्ट्रात त्याला परीक्षा व मूल्यमापन मंडळाचा संचालक म्हणतात. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत, निकाल लावावा, असे आपल्या राज्याचा विद्यापीठ कायदा सांगतो. निकाल राखून ठेवला, गुण चढले नाहीत, अशी तक्रार घेऊन कुलसचिवांच्या दारात बसण्यात दिवस घालवू नका. तिचे घर ते नव्हे.

दुसरी शिडी कार्यभाराची. विद्यार्थी कल्याणाचे अधिष्ठाता, प्रॉक्टर, प्रोव्होस्ट, वॉर्डन, आपल्याकडच्या वसतिगृहाचे रेक्टर, ही नावे आपण ऐकतो. यांतली बहुतेक माणसे मुळात प्राध्यापक असतात. त्यांचा हुद्दा आणि पगार प्राध्यापकाचा राहतो. त्यावर काही मुदतीसाठी हा कार्यभार दिला जातो. मुदत संपली की ते आपल्या वर्गात परत जातात. आपल्या भागातली मुले अलिगढला शिकायला जातात, त्यांना हे चांगले ठाऊक आहे. तिथे वसतिगृहांच्या समूहाला 'हॉल' म्हणतात. प्रत्येक हॉलवर एक प्रोव्होस्ट असतो आणि त्याच्या हाताखाली वॉर्डन असतात. शिस्तीचा प्रश्न प्रॉक्टरकडे जातो, कल्याणाचा प्रश्न विद्यार्थी कल्याणाच्या अधिष्ठात्याकडे जातो. खोलीत पाणी येत नाही म्हणून कुणी प्रॉक्टरकडे जात नाही, आणि मारामारी झाली तर एकट्या वॉर्डनवर काम भागत नाही.

महाराष्ट्रात पूर्वीच्या १९९४ च्या कायद्यात 'विद्यार्थी कल्याण' असा शब्द होता. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला, त्यात 'विद्यार्थी विकास' असा शब्द आला. विद्यार्थी विकास संचालक हे त्या कायद्याने विद्यापीठाचे अधिकारी आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे संचालक आणि क्रीडा व शारीरिक शिक्षणाचे संचालक हेही तसेच अधिकारी आहेत. पुण्याच्या विद्यापीठात 'कमवा व शिका' ही योजना विद्यार्थी विकास मंडळामार्फत चालते. गरिबाच्या मुलाला दिवसातले काही तास काम करून शिक्षणाचा खर्च भागवता येतो. पण या मंडळाचे दार कुठे आहे, हे आपल्यातल्या किती मुलांना माहीत असते?

इथे मला थोडे कडू बोलावे लागेल. कार्यभाराच्या पदात एक गुण आहे आणि एक दोषही आहे. गुण असा की, प्राध्यापक मुलांना ओळखतो, त्यांच्याशी बोलतो, त्याच्या शब्दाला कुलगुरूंपाशी वजन असते. दोष असा की, त्याला शिकवायचेही असते, संशोधनही करायचे असते, आणि उरलेल्या वेळात शेकडो कॉलेजांच्या मुलांचे कल्याण करायचे असते. ही गोष्ट जाणत्यांच्या ध्यानात फार पूर्वी आली होती. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. त्या आयोगाने सांगितले की, विद्यार्थ्यांसाठीच्या सेवा हा शिक्षणाचाच भाग आहे, आणि त्यांच्या व्यवस्थेसाठी विद्यार्थी कल्याणाचा पूर्णवेळ अधिष्ठाता असावा. 'पूर्णवेळ' या शब्दाकडे लक्ष द्या. या गोष्टीला साठ वर्षे होत आली. आजही अनेक ठिकाणी दारावरच्या पाटीत नावाआधी 'प्रभारी' हा शब्द दिसतो. ज्या खुर्चीवर कायमचा माणूस नाही, त्या खुर्चीकडून कायमच्या कामाची अपेक्षा कशी करावी? आपला मुलगा ज्या विद्यापीठात जाणार, तिथे हे पद पूर्णवेळ भरलेले आहे की अतिरिक्त कार्यभार म्हणून कुणाच्या गळ्यात घातले आहे, हे पालकांनी जरूर विचारावे. इमारती किती उंच आहेत, यापेक्षा या उत्तरावरून त्या विद्यापीठाचे मन अधिक कळते.

तिसरी शिडी तज्ज्ञांची. यात ग्रंथपाल येतात, क्रीडा संचालक येतात, वैद्यकीय अधिकारी येतात, नोकरीसाठी मार्गदर्शन करणारे अधिकारी येतात आणि समुपदेशक येतात. यांची पात्रता त्यांच्या विद्येप्रमाणे निराळी असते. ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक यांना तर विद्यापीठ अनुदान आयोगाने शिक्षकांच्या बरोबरीच्या श्रेणी दिल्या आहेत. समुपदेशकाबद्दल मात्र विशेष सांगितले पाहिजे. दर हजार विद्यार्थ्यांमागे निदान एक समुपदेशक असावा, असे कोठारी आयोगाने म्हटले होते. पुढे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिले. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे त्यात आहे. घरापासून दूर गेलेला मुलगा अबोल झाला, जेवेनासा झाला, फोन घेईनासा झाला, तर त्याला 'नाटके करू नकोस' म्हणून दटावू नका. 'तुझ्या कॉलेजात समुपदेशक कोण आहेत, त्यांना एकदा भेट,' असे सांगा. त्यात कमीपणा नाही. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातोच की!

आता मुलींच्या पालकांशी दोन शब्द. माझ्याकडे सल्ल्याला येणारे निम्मे पालक मुलीच्या शिक्षणाचे विचारतात. मुलगी हुशार असते, गुण चांगले असतात, पण अम्मी म्हणते, "शहरात एकटी कशी राहील?" ही काळजी खोटी नाही. पण काळजीवर उपाय आहे तो माहितीचा, मुलीला घरी बसवण्याचा नव्हे. प्रवेश घेण्यापूर्वी वसतिगृहाच्या महिला रेक्टरना स्वतः भेटा. त्या आवारातच राहतात का, रात्री आजारपण आले तर गाडी कोण बोलावतो, हे विचारा. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असली पाहिजे. तिच्या अध्यक्षा कोण, त्यांचे नाव फलकावर लावले आहे का, हे पाहा. रॅगिंगविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम आहेत. त्यांप्रमाणे संस्थेत समिती आणि पथक असते. या नावांची एक चिठ्ठी करून मुलीच्या वहीत ठेवा आणि एक घरी ठेवा. जिला कुणाकडे जायचे हे माहीत आहे, ती मुलगी एकटी नसते.

कुणाकडे जायचे हे कळले, आता कसे जायचे ते सांगतो. पहिले म्हणजे तोंडी बोलून घरी येऊ नका. साध्या कागदावर अर्ज लिहा. वर पदाचे नाव घाला, माणसाचे नको. माणसे बदलतात, पद राहते. दुसरे म्हणजे अर्ज आवक विभागात द्या, आवक क्रमांक आणि तारीख घ्या आणि शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. ज्या कागदाला आवक क्रमांक नाही, तो कागद कचेरीच्या दृष्टीने जन्मालाच आला नाही. तिसरे म्हणजे खिडकीवर 'चालणार नाही' असे उत्तर मिळाले तर भांडू नका. शांतपणे विचारा, "साहेब, यावर निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला आहे?" हा एक प्रश्न माझ्या अब्बांना ठाऊक असता, तर माझे वर्ष वाचले असते. शिष्यवृत्तीचेही तसेच आहे. महाडीबीटीवर अर्ज भरला म्हणजे काम संपले असे नाही. तो आधी तुमच्या संस्थेच्या तपासणीत जातो आणि तिथून पुढे सरकतो. तो अजून संस्थेतच पडून आहे का, हे आठवड्यातून एकदा पाहात जा. कॉलेजात पडलेल्या अर्जासाठी मंत्रालयाला दोष देऊन काय उपयोग?

आणि चौथे. एवढे करूनही दाद मिळाली नाही तर वर जाण्याचा मार्ग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नियम केले. त्यांप्रमाणे संस्थेत तक्रार निवारण समिती असावी लागते. एक प्राध्यापक तिचा अध्यक्ष असतो आणि तिच्यात एक विद्यार्थी प्रतिनिधीही असतो. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर विद्यार्थी १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करू शकतो, आणि लोकपालाने ३० दिवसांत ते निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असतो. निवृत्त कुलगुरू, अनुभवी निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश, अशा व्यक्तीची लोकपाल म्हणून नेमणूक होते. म्हणजे ज्याला त्या कचेरीतून बढती नको, बदलीचे भय नाही, असा माणूस. पण लोकपालाच्या दारात जाताना खालच्या पायऱ्यांवरचे कागद हातात हवेत. आवक क्रमांक हवा, असे मी मघाशी म्हणालो, तो एवढ्याचसाठी.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी बोलतो. आतापर्यंत मी या टेबलांच्या अलीकडच्या बाजूने बोललो. पलीकडच्या बाजूला कोण बसणार? तुम्ही का बसू नये?

आपल्या घरांत मुलगा हुशार निघाला की दोनच शब्द ऐकू येतात, डॉक्टर आणि इंजिनीयर. ते जमले नाही की दुकान किंवा आखात. एम. ए., एम. कॉम. झालेल्या मुलाला लोक विचारतात, "आता पुढे काय?" त्याचे उत्तर ऐका. केंद्रीय विद्यापीठात सहायक कुलसचिव होण्यासाठी मूळ पात्रता काय आहे? ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी. बस, एवढेच. ते गट 'अ' चे पद आहे आणि त्याचे मूळ वेतन नव्या सहायक प्राध्यापकाच्या जवळपास आहे. त्या पदावर ५ वर्षे काढली की उपकुलसचिव पदासाठी अर्ज करता येतो. एकूण १५ वर्षांचा प्रशासकीय अनुभव झाला, आणि त्यांतली ८ वर्षे उपकुलसचिव किंवा तत्सम पदावर गेली, की कुलसचिव पदासाठी अर्ज करता येतो. कुलसचिवाचा वेतनस्तर प्राध्यापकाइतकाच, १४ आहे. शिकवण्याच्या बाजूनेही या पदांकडे वाट जाते. सहायक प्राध्यापक म्हणून ९ वर्षे काम केलेल्याला उपकुलसचिव पदासाठी अर्ज करता येतो.

कुणी म्हणेल, "साहेब, वशिल्याशिवाय आम्हाला कोण घेणार?" हे वाक्य मी चाळीस वर्षे ऐकत आलो. वशिला अजिबात चालत नाही, असे मी म्हणणार नाही. मी इतका भोळा नाही. पण केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब' मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. तिथे लेखी परीक्षेचे गुण बोलतात. लेखी परीक्षेत तुमचे आडनाव आधी आहे की शेवटी, हे कुणी पाहात नाही. मग तयारी न करता वशिल्याच्या नावाने बोटे मोडणे, हा केवळ आळस झाला. अर्जच केला नाही, तर नाकारणार तरी कोण?

आणि ही केवळ पोटाची सोय नाही. ज्या दिवशी मी पात्रता विभागात अधिकारी झालो, त्या दिवशी मी हाताखालच्या लिपिकांना एकच सूचना दिली. नावात फरक असलेला कागद आला तर 'चालणार नाही' म्हणायचे नाही, 'प्रतिज्ञापत्र घेऊन या आणि साहेबांना भेटा' असे म्हणायचे. त्यासाठी कायदा बदलावा लागला नाही, पैसा लागला नाही. त्यानंतर कितीतरी मुले आली, हिंदू आली, मुसलमान आली, भटक्या जमातींतली आली. लग्नानंतर नाव बदललेल्या मुली आल्या. त्यांतल्या कुणाचे वर्ष माझ्या टेबलावर वाया गेले नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाला कधी काळी खिडकीबाहेर उभे राहावे लागले असेल, तर त्याचा असा फायदा होतो. म्हणून म्हणतो, आपल्यातली काही मुले-मुली या खुर्च्यांवर गेली पाहिजेत. आपल्याच लोकांची कामे करायला नव्हे. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाचे काम करायला.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. आपण बक्षिसे देता, वह्या वाटता, शिष्यवृत्त्या देता. त्यात एका गोष्टीची भर घाला. संस्थेच्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस, दोन तास, एक टेबल मांडा. आपल्या मुलांची ज्या विद्यापीठांशी गाठ पडते, तिथली पदे आणि त्यांची कामे एका तक्त्यावर लिहून भिंतीवर लावा. दर जूनमध्ये तो तक्ता नवा करा. दहावी झालेल्या प्रत्येक मुलाचे सगळे कागद एकदा समोर घेऊन नावे जुळतात का ते पाहा, आणि जुळत नसतील तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या. त्या टेबलावर बसायला माणूस हवा असेल, तर शोधायला दूर जाऊ नका. मी निवृत्त आहे, प्रकृती ठीक आहे, चष्मा लावून अजून नियम वाचता येतात. येत्या रविवारपासून मी बसायला तयार आहे.

माझे अब्बा आज हयात नाहीत. त्यांनी त्या वर्षी पाच दिवसांची मजुरी बुडवली, त्याचा हिशेब त्यांनी माझ्याकडे कधी मागितला नाही. तो मी असा फेडावा म्हणतो.